लॅबचं उद्घाटन मीच छापलं होतं

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा घरातलं कुणी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसत असेल, तर आत्ताच वाचा.

आमच्या तालुक्याच्या गावात एक अनुदानित शाळा आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं की कमेंटमध्ये संस्थेच्या दोन गटांची जुंपते आणि मुद्दा राहतो बाजूला. तीन वर्षांपूर्वी तिथे कॉम्प्युटर लॅब झाली. वीस मशीन, एक सर्व्हर, एसी, खाली हिरवं मॅटिंग. नारळ फुटला, फीत कापली, बातमी मी केली. "ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी डिजिटल दालन खुले" हे शीर्षक माझंच. मान्यवरांची नावं तीनदा तपासली होती, कारण एक जरी राहिलं तरी रात्री फोन येतो. मशीनही मोजली होती. त्या वीस मशीनच्या पोटात हार्ड डिस्कच नाही, हे मात्र मला माहीतही नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

यंदा फेब्रुवारीत त्याच शाळेतल्या एका मॅडमना 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. आरोप असा की, परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी निष्काळजीपणे शाळेचा डेटा नष्ट केला. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, खालच्या वर्गांची प्रगतिपत्रकं, शिष्यवृत्तीसाठी स्कॅन करून ठेवलेले जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, सगळं गेलं. गुण वाचले, कारण जुन्या वळणाच्या दोन शिक्षकांनी वहीत लिहून ठेवले होते. दाखल्यांसाठी पालकांना पुन्हा बोलावलं. कांद्याच्या काढणीवरून आलेली एक बाई शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "दादा, मागच्या महिन्यातच दिला व्हता की कागद. आज पुन्हा रोज बुडाला."

मॅडम वीस वर्षं नोकरीत आहेत. त्यांनी काहीही पुसलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, पण सिद्ध कसं करायचं हे माहीत नव्हतं.

आमच्या गावात माझा एक मित्र नेटवर्किंगचं दुकान चालवतो. पूर्वी त्याचा सायबर कॅफे होता. त्याला घेऊन शाळेत गेलो. तिथे जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो, कारण यातला प्रत्येक शब्द उद्या तुमच्याही ऑफिसात कामाला येणार आहे.

या लॅबमधलं मशीन चालू केलं की ते आधी नेटवर्कवर हाक मारतं, मी कोण, माझी डिस्क कुठे? सर्व्हर त्याला पत्ता देतो, एक छोटा प्रोग्राम पाठवतो, आणि तो प्रोग्राम सर्व्हरवरची एक डिस्क त्या मशीनला वायरीतूनच जोडून देतो. ही डिस्क खरी नसते. सर्व्हरच्या मोठ्या डिस्कवर ती एक भलीमोठी फाइल असते, पण मशीनला वाटतं आपल्या पोटात हार्ड डिस्क आहे. म्हणून तिला व्हर्च्युअल डिस्क म्हणतात. हे ज्या बोलीत चालतं तिचं नाव आय-स्कझी. तिचं पहिलं अधिकृत मानक २००४ साली आलं. सर्व्हर बहुधा ३२६० नंबरच्या पोर्टवर वाट बघत बसतो. डिस्क देणाऱ्याला म्हणतात टार्गेट आणि घेणाऱ्याला इनिशिएटर.

कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर लोक म्हणतील पत्रकार तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे. वीस मशीनमध्ये वीस डिस्क ठेवल्या तर वीस ठिकाणी व्हायरस, वीस ठिकाणी धूळ, आणि लाइट गेली की वीस ठिकाणी धोका. इथे विंडोजची एकच मूळ प्रत सर्व्हरवर असते, तिला कुणी हात लावत नाही. प्रत्येक मशीनने केलेले बदल त्याच्या त्याच्या वेगळ्या छोट्या फाइलीत जातात. पोरांनी पेनड्राइव्हमधून काहीही आणलं तरी ती छोटी फाइल टाकून नवी दिली की मशीन पुन्हा कोरं करकरीत. एका कॉम्प्युटर शिक्षकावर पाचशे पोरं असतात, त्याला याहून सोयीचं काय असणार? विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय २०१२ च्या आवृत्तीपासून आतच आहे. लिनक्सवर करायचं तर परवान्याचाही खर्च नाही.

फक्त ही व्यवस्था लावताना डोकं वापरावं लागतं. उदाहरणार्थ, सर्व्हरमधून निघणारी वायर एक गिगाबिटची असेल, तर सेकंदाला फार तर सव्वाशे एमबी माल जातो. पहिल्या तासाला वीस पोरांनी एकदम बटण दाबलं की प्रत्येकाच्या वाट्याला सहा एमबी. कंत्राटदाराने चार पैसे वाचवायला जुना शंभर मेगाबिटचा स्विच बसवला असेल, तर त्याच्याही दहावा हिस्सा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पंधरा मिनिटं पोरं गोल फिरणारे ठिपके बघत बसतात, आणि सर म्हणतात मशीन स्लो आहे. मशीन स्लो नसतं हो.

आता मॅडमच्या भानगडीकडे येतो.

मूळ प्रत सगळ्यांना मिळून एक, हे चालतं, कारण तिच्यावर कुणी लिहीत नाही. शाळेला आणखी एक गोष्ट हवी होती. ऑफिस आणि परीक्षा विभाग यांना मिळून कागदपत्रं ठेवायला एक जागा. सुरुवातीला कंत्राटदाराच्या पोराने एक वेगळी व्हर्च्युअल डिस्क केली आणि लिपिकांच्या मशीनला जोडली. छान चाललं होतं. दिवाळीनंतर मॅडम म्हणाल्या, मलाही ती डिस्क पाहिजे. पोराने बाहेरगावाहून रिमोटवर येऊन तीच डिस्क मॅडमच्या मशीनलाही जोडून दिली. दोघांनाही लिहायची मुभा. दोन मिनिटांचं काम. दोघांच्याही मशीनवर 'ई ड्राइव्ह' दिसायला लागला, दोघंही खूश.

इथेच सत्यानाश झाला. का झाला ते नीट समजून घ्या.

समजा तलाठ्याकडे एक जाडजूड वही आहे. कोणत्या पानावर काय लिहिलंय आणि कोणती पानं कोरी आहेत, याची यादी पहिल्या पानावर. आता दोन कारकून त्या वहीवर काम करतात, पण दोघांनीही सकाळी त्या यादीची झेरॉक्स काढून खिशात ठेवली आहे. एकाने खिशातली यादी बघितली, पान ८० कोरं आहे, तिथे लिहिलं. दुसऱ्याच्या यादीतही पान ८० कोरंच, त्यानेही तिथेच लिहिलं. संध्याकाळी दोघं आपापली यादी मूळ पानावर चिकटवतात. जो शेवटी चिकटवेल त्याचीच खरी. विंडोज अगदी हेच करतं. जोडलेली डिस्क फक्त आपलीच आहे असं ते धरून चालतं आणि यादी स्वतःच्या मेमरीत ठेवतं. दुसरं कुणी त्याच डिस्कवर लिहितंय हे त्याला कळायचा मार्गच नाही. डिस्क वाटून देणं आणि फाइल वाटून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाइल वाटून द्यायची असेल तर डिस्क एकट्या सर्व्हरकडे राहते आणि बाकीचे त्याला विचारतात, ही फाइल दे, ही घे. म्हणजे वही एकाच कारकुनाच्या हातात, बाकीचे खिडकीबाहेर रांगेत. ज्याला आपण साधं शेअर्ड फोल्डर म्हणतो ते हेच. शाळेला तेवढंच पुरेसं होतं. एक डिस्क खरोखरच अनेक मशीननी लिहायची असेल तर त्यासाठी खास क्लस्टरच्या फाइल सिस्टिम असतात, त्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये शोभतात. शाळेच्या ऑफिसात त्याची गरज काय?

आणि हे काही काल-परवा लागलेलं ज्ञान नाही. सन मायक्रोसिस्टिम्सची बिनडिस्कची वर्कस्टेशन्स १९८० च्या दशकातच होती. त्यांच्या पहिल्या पद्धतीत एकाहून जास्त मशीनना मिळून दिलेला डिस्कचा भाग फक्त वाचण्यापुरता असायचा, लिहायचा भाग ज्याचा त्याचा. मिळून लिहिता यावं म्हणून पुढे १९८५ च्या सुमारास त्यांनी एनएफएस आणलं, त्यात डिस्कऐवजी फाइल वाटल्या जातात. चाळीस वर्षांपूर्वी जे ठरून गेलंय ते आमच्या तालुक्यात पोचलं नाही. टेंडर मात्र वेळेवर पोचलं.

डिस्क लगेच मेली नाही. आधी भांडणं लागली. मॅडम गुण भरायच्या, लिपिकांना दिसायचे नाहीत. ते म्हणायचे, मॅडम तुम्ही सेव्हच करत नाही. मॅडम म्हणायच्या, तुम्ही माझ्या फाइली उडवता. फोनवर पोराचं उत्तर ठरलेलं, "रिस्टार्ट मारा, दिसंल." आणि खरंच दिसायचं, कारण रिस्टार्ट केलं की मशीन यादीची नवी झेरॉक्स काढतं! दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाच चहाच्या किटलीतून चहा घेणारी ही माणसं.

मग एका सकाळी मॅडमच्या मशीनवर संदेश आला की फोल्डर खराब झालंय, वाचता येत नाही. पोराला फोन केला. तो म्हणाला, दुरुस्तीचं टूल चालवा. मॅडमनी चालवलं. त्या वेळी लिपिकांचं मशीनही त्याच डिस्कला जोडलेलं होतं. दुरुस्ती झाल्यावर गुणांच्या फाइलींच्या जागी 'फाउंड' नावाचं एक फोल्डर आणि त्यात नुसते नंबर टाकलेले शेकडो तुकडे. टूल मॅडमच्या हातून चाललं, म्हणून नोटीस मॅडमच्या नावे.

आम्हाला हे कळलं कसं, तर सर्व्हरवर प्रत्येक डिस्कपुढे ती कोणाला द्यायची याची यादी असते. प्रत्येक मशीनला एक लांबलचक नाव असतं, त्याला आयक्यूएन म्हणतात. विंडोजमध्ये ते आपोआप तयार होतं. आधी १९९१-०५, मग मायक्रोसॉफ्टचं नाव आणि शेवटी त्या मशीनचं स्वतःचं नाव. त्या डिस्कपुढे अशा दोन ओळी होत्या. एकीच्या शेवटी 'ऑफिस', दुसरीच्या शेवटी 'एक्झाम'. मित्राने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "संपलं. यात मॅडमचा संबंध काय?"

पण ती स्क्रीन बघायलाच आम्हाला नऊ दिवस लागले. सर्व्हरचा पासवर्ड शाळेकडे नव्हता. मुख्याध्यापक सर म्हणाले, "कंपनीकडे असतो." देखभालीचा करार डिसेंबरातच संपलेला आणि फोन बंद. शेवटी तो पोरगा सापडला. आता दुसरीकडे नोकरी करतो. माझं नाव सांगितल्यावर आधी घाबरला, मग मोकळा बोलला. नऊ हजार पगार, चौदा शाळा आणि पेट्रोल स्वतःचं. आय-स्कझी त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. व्हिडिओ बघून जमेल तसं केलं. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे १२३. चौदाही शाळांत तोच!

त्या पोरावर माझा राग नाही. खरं सांगतो, मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मित्राने आणखीही दाखवलं. डिस्क मागणाऱ्या मशीनकडून गुप्त शब्द विचारायची सोय असते, तिला चॅप म्हणतात. विंडोजमध्ये तो शब्द बारा ते सोळा अक्षरांचा लागतो. ती सोय बंदच होती. लॅबचं, ऑफिसचं आणि वायफायचं नेटवर्क एकच. म्हणजे आठवीतल्या एखाद्या हुशार पोराने लॅपटॉप आणून त्याला 'ऑफिस'चं नाव दिलं असतं, तर शाळेतल्या सगळ्या मुलांचे जातीचे दाखले त्याच्यापुढे उघडे. बॅकअप? सर्व्हरमध्ये चार डिस्क आहेत आणि त्यातली एक गेली तरी चालतं, यालाच सगळे बॅकअप समजत होते. चारपैकी एकीचा पिवळा दिवा लागलेला होता. कधीपासून, ते शिपाई मामांनी सांगितलं, "गणपतीपासून लागलाय की. मला वाटलं चालू हाय त्याचा दिवा." सहा महिने! दुसरी डिस्क गेली असती तर मूळ प्रतीसकट अख्खी लॅब गेली असती. आणि डिस्क चार असोत की चाळीस, चुकीचं लिहिलेलं त्या इमानदारीने चुकीचंच जपून ठेवतात. त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. या लॅबची जुळवणी कशी केली त्याचा कागद, बॅकअपची नोंदवही आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासोबत जोडलेली चाचणी, एवढंच मागितलं. उत्तर आलं. मशीनची यादी, अनुक्रमांक, वॉरंटी कार्डांच्या झेरॉक्स आणि उद्घाटनाचे फोटो. बाकीसाठी एक ओळ, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." त्या फोटोंत एका कोपऱ्यात मी आहे, वही घेऊन.

माझा मुद्दा एवढाच. आपण डबे विकत घेतो, जुळवणी विकत घेत नाही. डबा मोजता येतो, त्यावर स्टिकर लावता येतो, ऑडिटला दाखवता येतो. कोणती डिस्क कोणाला, कोणाला वाचायची आणि कोणाला लिहायची परवानगी, चावी कुणाच्या कपाटात, हे निविदेत कुठेच नसतं. म्हणून बिल निघताना ते कुणी मागत नाही. राज्यात शाळांमध्ये आयसीटी लॅब 'बांधा, चालवा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर आल्या. पाच वर्षं कंपनीने चालवायच्या आणि मग शाळेच्या हवाली करायच्या. हस्तांतरित काय झालं? खुर्च्या झाल्या, टेबलं झाली. ज्ञान कंपनीच्या पोराच्या डोक्यात होतं, ते त्याच्या बाइकवर बसून गेलं.

काही जण म्हणतील, शाळेच्या मास्तरांना हे कसं झेपणार? झेपतं. केरळमध्ये आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला, तोच पुढे २०१७ मध्ये 'काइट' झाला. त्यांनी शाळांसाठी मोफत लिनक्सची स्वतःची जुळवणी केली, शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले आणि २०१८ पासून 'लिटिल काइट्स' नावाने पोरांचे क्लब काढले. तिथले मास्तरही आपल्यासारखेच खडू-फळा घेऊनच आले होते ना? फरक एवढाच की सरकारने त्यांच्यासमोर झाकण उघडलं. आपल्याकडे झाकणावर कंत्राटदाराचं सील असतं आणि ते तोडलं तर वॉरंटी जाते.

तुम्ही समितीवर असाल तर पुढच्या मीटिंगला सर्व्हर बघायला जा. पासवर्डचा बंद लिफाफा मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे का विचारा आणि करार संपला त्या दिवशी तो बदलला का तेही विचारा. कोणती डिस्क कोणत्या मशीनला, याचा एक पानी तक्ता भिंतीवर लावायला सांगा. त्यात एका डिस्कपुढे लिहायची परवानगी असलेली दोन नावं दिसली तर तिथल्या तिथे थांबवा. आणि बॅकअप आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. म्हणा, एक जुनी फाइल आत्ता माझ्यासमोर परत आणून दाखवा. आणता आली नाही तर शेवटचं बिल अडवा. याला तंत्रज्ञान यावं लागत नाही, थोडा चिवटपणा लागतो, आणि तो आपल्या गावात भरपूर आहे, फक्त जागेच्या वादात खर्च होतो.

सध्याची स्थिती अशी. मित्राने फुकटात ती वाटलेली डिस्क बंद केली, सर्व्हरवर शेअर्ड फोल्डर करून दिलं, मॅडमना आणि लिपिकांना वेगवेगळे पासवर्ड दिले आणि पिवळ्या दिव्याची डिस्क बदलायचं कोटेशन दिलं. कोटेशन संस्थेच्या मंजुरीसाठी पडून आहे. त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट आणि मित्राचं सहीशिक्क्याचं पत्र जोडून मॅडमनी नोटिशीला उत्तर दिलंय. त्याला आज बावीस दिवस झाले. नोटीस अजून मागे घेतलेली नाही. उद्या सकाळी अकराला मी पुन्हा शाळेत जाणार आहे. पालकांपैकी कुणाला यायचं असेल तर गेटवर भेटा. तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या बातमीचं कात्रण मी सोबत आणतोय.